पेपर तीन, दार एक: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जूनमध्ये आमच्या पेपरवाल्या भाऊंना सांगितलं, उद्यापासून एकाच्या जागी तीन टाकत जा. मराठी चालूच आहे, सोबत एक हिंदी आणि एक इंग्रजी. त्यांनी गाडी बंदही केली नाही. म्हणाले, "तीन-तीन कोन घेते ताई आता? मोबाइलवर येते ना सारं फुकट." आता फेब्रुवारी संपत आलाय, आठ महिन्यांची बिलं खिळ्याला टोचलेली आहेत, आणि ओळखीतल्या तिघी-चौघी विचारून राहिल्या आहेत की मुलांच्या परीक्षा आहेत, आम्हीही घ्यावेत का? प्रत्येकीला फोनवर तेच ते सांगून थकले, म्हणून एकदाच लिहून काढते.

आमच्या घरी तीन पेपर लागतात याला कारण आहे. सासूबाई बालाघाटच्या. घरात मराठी, शाळा हिंदी. त्या लहान होत्या तेव्हा आमचं हे नागपूर हीच त्यांच्याही राज्याची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली, नागपूर मुंबई राज्यात आलं आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. आजही त्या आमच्याशी मराठी बोलतात, पण वाचायला बसल्या की हिंदीच. मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते, तिच्या क्लासच्या सरांनी इंग्रजी पेपर सक्तीचा केला. मी मराठीवाली. कोणाचा बंद करायचा यावर रोज भांडण्यापेक्षा तिन्ही घ्या, असं ठरलं. पेपरांची नावं मात्र इथे देणार नाही. तिन्ही कचेऱ्यांत ओळखीचं कोणी ना कोणी आहे आणि मला उद्या सकाळीही पेपर हवा आहे.

खर्चाचं लवकर सांगून टाकते. तिन्हींचे मिळून महिन्याला चारशे-साडेचारशे रुपये, पोचवायचे वेगळे. जुलैत दोनदा पेपर भिजून आले, पंख्याखाली वाळवले. १६ ऑगस्टला आणि २७ जानेवारीला एकही आला नाही, तर सासूबाईंनी आदल्या दिवशीचाच पुन्हा वाचला. दिवाळीत पहिलं पान शोधायला आधी दागिने, फ्लॅट आणि फ्रीज उलटावे लागतात. हे तिन्ही भाषांत सारखं आहे.

सारखं नाही ते बाकीचं. पहिल्या आठवड्यात गंमत वाटायची. मराठीत 'नागपूर' दीर्घ, हिंदीत 'नागपुर' ऱ्हस्व. मराठीत सीताबर्डी, इंग्रजीत सिताबुल्डी, आणि ऑटोवाल्याला नुसतं बर्डी सांगितल्याशिवाय तो थांबत नाही. मग गमतीच्या पुढचं सुरू झालं. सप्टेंबरात लोकअदालत झाली. सासूबाई हिंदीतून मोठ्यानं वाचत होत्या, "पति-पत्नी में राजीनामा." मी पोळ्या लाटता लाटता विचारलं, कोणत्या पदाचा दिला? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. हिंदीत कोर्टाच्या भाषेत राजीनामा म्हणजे तडजोड, दोघं राजी झाले. आपल्याकडे राजीनामा म्हणजे सोडून जाणं. त्या जोडप्याचा संसार जुळला होता आणि मी तो लाटण्यानं मोडून टाकला. (संसार म्हटलं की हिंदीत परत जग होतं, ते सोडा.)

घरात हे हसण्यावारी जातं, पेपरात छापून आलं की जात नाही. दिल्लीच्या बातम्या हिंदीला थेट मिळतात. यूएनआय या वृत्तसंस्थेची हिंदी सेवा 'वार्ता' १९८२ पासून आहे, पीटीआयची 'भाषा' १९८६ पासून. मराठीत दिल्ली बहुतेकदा इंग्रजीतून नाहीतर हिंदीतून वळसा घेऊन येते आणि येताना कपडे बदलायला विसरते. आमच्या मराठी पेपरात एकदा मथळ्यात 'नवे शिक्षा धोरण' होतं. माझ्या बहिणीच्या शाळेत म्हणे शिक्षकांनी ते कात्रण सूचनाफलकावर लावलं, मुलांनी खाली लिहिलं, 'जुनं कुठे कमी होतं?'

पण भाषांतराच्या चुका ही या आठ महिन्यांतली मुख्य गोष्ट नाही. ती मला कळली वाघावरून.

नागपूरच्या भोवती पेंच आहे, उमरेड-करांडला आहे, खाली ताडोबा आहे. वाघाची बातमी इथे भाजीच्या भावासारखी नेहमीची. ऑक्टोबरात एका सकाळी तिन्ही पेपर चहासोबत टेबलावर होते आणि तिन्हींत एकच घटना होती. इंग्रजीत वाघिणीचा नंबर होता, वय होतं, बछडे किती, तिचा वावर कुठून कुठे, आणि वन्यजीवप्रेमींची काळजी. मेलेला माणूस एका वाक्यात, नुसता 'गुराखी'. मराठीत त्या माणसाचं नाव, गाव, तालुका, बायको आणि दोन मुली, गावकऱ्यांनी वनखात्याची गाडी अडवली, भरपाईचा चेक कधी मिळणार. वाघीण फक्त 'वाघीण'. हिंदीत होतं की त्या बाजूचा रस्ता चार तास बंद होता आणि सिवनीकडून येणाऱ्या गाड्या खोळंबल्या. कोणीही खोटं लिहिलं नव्हतं. मुलगी म्हणाली, "आई, इंग्रजीत वाघाला नंबर आहे आणि मराठीत माणसाला गाव आहे." त्या दिवसापासून मी भाषा बघण्यापेक्षा पेपर कोणासाठी छापला ते बघते. इंग्रजीचा वाचक सफारीला जातो, मराठीच्या वाचकाची शेती तिथे आहे, हिंदीच्या वाचकाचा माल त्या रस्त्यानं येतो.

एकदा हे दिसलं की सगळीकडे दिसायला लागतं. हिंदीवाला इतवारीचा सराफा, कळमन्याच्या बाजाराचे भाव आणि रेल्वे यांत पक्का. शिवाय छिंदवाडा, बालाघाटची एखादी तरी बातमी, जी सासूबाई आधी वाचतात. मराठीवाल्याचं बळ आतल्या पानांत: काटोलची संत्री, सोयाबीनचा भाव, विद्यापीठाचे लांबलेले निकाल, कोणत्या वस्तीत उद्या नळ येणार नाही. इंग्रजीवाला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचं कामकाज जसं देतो तसं दुसरे दोघे देत नाहीत. एका जनहित याचिकेचा पाठपुरावा त्यानं चार महिने सोडला नाही, याला दाद द्यावी लागेल. मात्र माझ्या वस्तीतलं गटार त्याच्यासाठी नागपुरात नाहीच.

दसऱ्याला आम्ही परीक्षाच घेतली. त्या दिवशी आपल्या गावात दोन मोठ्या गोष्टी एकाच वेळी असतात: रेशीमबागेत संघाचा विजयादशमी उत्सव आणि दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी, कारण बाबासाहेबांनी १९५६ च्या अशोक विजयादशमीला, १४ ऑक्टोबरला, तिथे दीक्षा दिली. दुसऱ्या दिवशी मुलीनं फूटपट्टी काढली आणि पहिल्या पानावर कोणाला किती जागा ते मोजलं. एकानं दोन्ही शेजारी-शेजारी, मोजून सारखं. एकानं एक वर आणि दुसरं घडीच्या खाली. तिसऱ्यानं एक पहिल्या पानावर आणि दुसरं थेट पाचव्यावर. कोणी काय केलं ते सांगत नाही, उगाच वाद नको. ज्याला जाणून घ्यायचं असेल त्यानं पुढच्या दसऱ्याला स्वतःची पट्टी काढावी.

आता तक्रार. नोव्हेंबरात माझे मामेसासरे गेले, संध्याकाळी सहाच्या सुमारास. सासूबाईंचा धाकटा भाऊ. मी मराठी पेपराला व्हॉट्सॲपवर निधनवार्ता पाठवली: अंत्ययात्रा सकाळी दहाला, अंबाझरी घाट. हिंदी पेपराला सासूबाईंनी स्वतः फोन केला. रडत होत्या, तरी प्रत्येक शब्द परत म्हणवून घेतला. सकाळी हिंदीत बरोबर आलं. मराठीत 'मोक्षधाम घाट'. वीस-पंचवीस लोक मोक्षधामला जाऊन उभे राहिले. मामांसोबत तीस वर्षं नोकरी केलेले एक गृहस्थ तिथून ऑटो करून आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. ते चिडले नाहीत, गर्दीतून पुढे येऊन नुसते हात जोडून उभे राहिले. मला तेच जास्त लागलं.

तक्रार कुठे करायची? मुलीनं शेवटचं पान उलटलं आणि तळाची मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ दाखवली. मुद्रक, प्रकाशक, संपादक, पत्ता, फोन, आणि बातम्यांच्या निवडीची कायद्यानुसार जबाबदारी कोणाची. इतकी वर्षं पेपर घेते, ती ओळ कधी वाचली नव्हती. ही ओळ छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीच्या १८६७ च्या कायद्याची देणगी. तो कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा आला, पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारच्या पदाचं नावही बदललं, हे तिच्या अभ्यासातलं. मी त्या नंबरवर फोन लावला. तीनदा दुसरीकडे जोडून दिल्यावर रात्रपाळीचा एक मुलगा बोलला. म्हणाला, "ताई, रात्री साडेदहाला चाळीस निधनवार्ता असतात आणि मी एकटा असतो. आधीच्या ओळीतला घाट तुमच्यात चिकटला." त्यानं माफी मागितली. पेपरानं तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन ओळी छापल्या, तोवर राख सावडून झाली होती. मला त्या मुलाचा राग आला नाही. एका माणसावर चाळीस मृत्यू टाकणाऱ्याचा आला. इंग्रजी पेपराचा इथे प्रश्नच नव्हता. तिथे पैसे भरून जाहिरात दिली तरच माणूस मरतो.

कूपन योजनेबद्दलही विचारणा झाली. सासूबाईंनी ती मनापासून केली. रोज कूपन कापायचं, प्रवेशिकेवर चिकटवायचं, शेवटी हमखास भेट. त्या तीन महिन्यांत मी मागच्या पानावरची प्रत्येक बातमी भगदाडासकट वाचली. भेट म्हणून डब्यांचा संच आला, एक झाकण कमी. घेऊ नका.

६ जानेवारीला पत्रकार दिन होता. मराठीत पूर्ण पान, हिंदीत कार्यक्रमाचा एक फोटो, इंग्रजीत काही नाही. सासूबाई म्हणाल्या, "आमचा ३० मे ला असतो." तेही खरं, पहिला हिंदी पेपर 'उदन्त मार्तण्ड' निघाला ३० मे १८२६ ला, तो कलकत्त्यात. पण इंग्रजीवाल्यानं त्या दिवशी गप्प बसावं याची मला मौज वाटली. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढलं तेव्हा एका रकान्यात मराठी होती आणि दुसऱ्यात इंग्रजी. एकाच पानावर, शेजारी-शेजारी. आणि नागपूर तर या बाबतीत फारच सरमिसळीचं गाव. 'हिंदी केसरी' १९०७ मध्ये इथून निघाला, काढला माधवराव सप्रे या मराठी माणसानं, आणि पुढच्याच वर्षी त्यांना अटक झाली. 'हितवाद' १९११ चा, गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचा, नाव आपलं आणि भाषा इंग्रजी. म्हणजे एका भाषेचा माणूस दुसऱ्या भाषेच्या वाचकासाठी पेपर काढायचा. आता एकाच मालकाचे दोन-दोन, तीन-तीन भाषांत पेपर असतात, पण एकातला गुराखी दुसऱ्यात नाव घेऊन पोचत नाही.

फुकटच्या मोबाइलबद्दल एवढंच. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी वस्त्यांत घुसलं तेव्हा पेपर छापून झाले होते, आणि सकाळी हाती आलेल्या अंकात पुराचा पत्ता नव्हता. मोबाइलच कामी आला. पण त्याच मोबाइलवर दुपारपर्यंत कुठल्या कुठल्या गावांचे पूर आमचे म्हणून फिरत होते. खासगी एफएमवाल्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, ते गाणी लावून मोकळे. त्या दिवशी सासूबाईंनी आकाशवाणी लावली होती आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आपल्या गल्लीचं नाव बोटानं शोधलं होतं.

तर घ्यावेत का? घरात परीक्षेचं मूल असेल तर इंग्रजी घ्या, पण सोबत जिल्ह्याचं पान देणारा मराठीही ठेवा, नाहीतर मुलाला वाघाचा नंबर पाठ होईल आणि गाव माहीत नसेल. व्यापार असेल तर हिंदीला पर्याय नाही. निधनवार्ता कुठल्याही भाषेत द्या, फोन करून परत म्हणवून घ्या.

आमच्याकडे मार्चपासून मराठी आणि हिंदी रोज, इंग्रजी फक्त रविवारी. मुलगी रोजचं वाचनालयात वाचेल. तिनंच सुचवलं, कारण आताशा ती आधी मराठीचं तालुक्याचं पान ओढते. सासूबाई मराठीतलं एकच पान वाचतात, निधनवार्तांचं, आणि घाट बरोबर आहे का ते हिंदीशी ताडून बघतात. भाऊंना सांगितलं तर म्हणाले, "मंग रविवारचा जाडा येते ताई, तेवढा पुरते." रद्दीवाल्याला अजून सांगितलेलं नाही. तो इंग्रजीला किलोमागे दोन रुपये जास्त देतो.