वेग एसएसडीचा, बिल आय-सेव्हनचं

फसवणूक म्हटली की आपल्याला खोटा फोन आठवतो, ओटीपी आठवतो. माझी झाली ती समोरासमोर, दुकानात खुर्चीवर बसून, त्यांनीच मागवलेला चहा पीत. आणि घरी आल्यावर पुढचे बारा दिवस मी त्याच दुकानाचं कौतुक करत होते.

मी साताऱ्यात घरूनच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची असते, त्यामुळे सगळ्यांचे ताळेबंद, नफा-तोटा पत्रकं आणि अध्यक्षांचे हार घातलेले फोटो एकाच पंधरवड्यात येऊन आदळतात. मशीन २०११ सालचं. इंटेलचा आय-थ्री २१०० प्रोसेसर, एच ६१ चिपसेटचा मदरबोर्ड, चार जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क. सकाळी बटण दाबून मी दूध तापवायला जायची आणि परत आले तरी गोल फिरतच असायचा.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये एका अहवालाची पीडीएफ करताना मशीन दोनदा गोठलं, तेव्हा ठरवलं की आता बस. नवीन मशीनला चाळीसेक हजार लागणार होते, तेवढे नव्हते. पेठेतल्या एका ओळखीच्या दुकानात गेले. ओळखीच्या म्हणजे प्रिंटरची शाई तिथूनच घ्यायची, इतकीच ओळख.

"ताई, बोर्ड चांगला आहे तुमचा, फेकू नका," दुकानदार म्हणाला. हे वाक्य खरं होतं, म्हणून पुढची सगळी खरी वाटली. त्याने कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. "तुमचा प्रोसेसर तीन पॉइंट एक गिगाहर्ट्झ, कोर दोन. म्हणजे सहा पॉइंट दोन. आय-सेव्हन २६०० टाकू. तीन पॉइंट चार, कोर चार. तेरा पॉइंट सहा. दुपटीच्या वर! वर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकली की मशीन उडेल. पीडीएफ दोन मिनिटांत."

हा हिशोब मी मान्य केला, याची मला फसवणुकीपेक्षा जास्त लाज वाटते. कोर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एकेक भाग, आणि गिगाहर्ट्झ हा त्याचा वेग. गिगाहर्ट्झची अशी बेरीज होत नाही. घरात चार शेगड्या असल्या म्हणून एका कुकरचा भात चौपट लवकर शिजतो का? चार कुकर लावायचे असतील तर चार शेगड्या उपयोगाच्या. मी मांडणीला वापरते ते जुनं कोरलड्रॉ पीडीएफ करताना बहुतेक वेळ एकच शेगडी वापरतं. अशा कामात पाहायचा असतो तो एका कोरचा वेग. आय-थ्री २१०० ला टर्बो, म्हणजे गरजेला वेग आपोआप वाढवायची सोय, नाही, तो ३.१ वरच चालतो. आय-सेव्हन २६०० एका कोरवर जास्तीत जास्त ३.८ पर्यंत जातो. दोन्ही एकाच पिढीचे, २०११ चे. ३.८ भागिले ३.१ म्हणजे सुमारे १.२३. दुप्पट कुठली, सव्वापटसुद्धा पुरती नाही, आणि तीही प्रोसेसर अस्सल मिळाला तर.

बिल असं झालं: प्रोसेसर ५,२०० रुपये, ४८० जीबीची एसएसडी २,६००, आठ जीबी रॅम १,१००, मजुरी ५००. एकूण ९,४००. जुना आय-थ्री आणि जुनी रॅम त्याने ३०० रुपयांना ठेवून घेतली. "पक्कं बिल पाहिजे तर अठरा टक्के जीएसटी वाढेल ताई." मी कच्चं घेतलं. त्यावर प्रोसेसरपुढे लिहिलं होतं, "अपग्रेड, १ नग". मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही. पैसे मी यूपीआयने दिले, तेही दुकानाच्या नव्हे तर त्याच्या स्वतःच्या खात्यावर. हे सगळं त्या वेळी समोर दिसत होतं, बरं का.

संध्याकाळी मशीन तयार. त्याने बटण दाबलं आणि अर्ध्या मिनिटात डेस्कटॉप आला. मी अक्षरशः "अगं बाई" म्हटलं. मग त्याने सेटिंगमध्ये जाऊन अबाउटचं पान उघडलं आणि बोट ठेवलं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, इंटेल कोअर आय-सेव्हन २६००. "हे मी नाही सांगत, विंडोज सांगतंय."

इथेच सगळी मेख आहे. मशीन सुरू व्हायला लागायचा तो वेळ प्रोसेसरचा नव्हताच. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवा तो तुकडा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा वाट बघायची, शिवाय डोकं इकडून तिकडे सरकवायचं. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली वाचतं, आणि प्रत्येक वेळी ही वाट पाहणं होतं. एसएसडीत फिरणारं काही नसल्यामुळे ती वाट जवळपास संपते. माझ्या जुन्या आय-थ्रीवर नुसती एसएसडी लावली असती तरी डेस्कटॉप जवळजवळ तेवढ्याच वेळात आला असता. त्याने मला २,६०० रुपयांच्या वस्तूची करामत दाखवली आणि ५,२०० ची वस्तू त्याआड सरकवली. एसएसडी मात्र अस्सल होती, नवी होती. बॉक्सवर सेकंदाला ५५० एमबीचा वेग छापलेला होता, तो एच ६१ च्या जुन्या साटा पोर्टवर, म्हणजे डिस्क जोडायच्या खाचेवर, निम्माच मिळतो, पण तेवढं मी सोडून दिलं.

बाराव्या दिवशी सत्तर पानी अहवालाची पीडीएफ लावली आणि बसले. माझी एक सवय आहे: गिऱ्हाइकाला "दहा मिनिटांत पाठवते" असं सांगावं लागतं म्हणून मोठ्या फायलींना किती वेळ लागतो तो मी वहीत लिहून ठेवते. गेल्या वर्षी याच फायलीला आय-थ्रीवर ६ मिनिटं २० सेकंद लागले होते. आता ५ मिनिटं ४१ सेकंद. ३९ सेकंद वाचले. दिवसाला आठ पीडीएफ धरल्या तरी पाच मिनिटांच्या आसपास. दोन मिनिटांचं काय झालं?

मग टास्क मॅनेजर उघडला, विंडोजमध्ये कोण किती राबतंय ते तो दाखवतो. पीडीएफ चालू असताना सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, २५ टक्क्यांच्या आसपास. हा आकडा मला पाठ होता, कारण जुन्या मशीनवरही नेमका तोच दिसायचा. आय-थ्री २१०० मध्ये दोन कोर, पण हायपरथ्रेडिंगमुळे, म्हणजे एका कोरकडून दोन कामं करून घ्यायच्या सोयीमुळे, विंडोजला चार लॉजिकल प्रोसेसर दिसतात. एक पूर्ण राबला की चारात एक, म्हणजे पंचवीस टक्के. आय-सेव्हन २६०० ला आठ दिसायला हवेत. आठात एक म्हणजे साडेबारा. मग पंचवीस कसे? खाली पाहिलं: कोर चार, लॉजिकल प्रोसेसर चार. बेस स्पीड, म्हणजे टर्बोशिवायचा मूळ वेग, ३.१०. आय-सेव्हन २६०० चा बेस ३.४० असतो.

दुकानात फोन केला. "ताई, बायोसमध्ये हायपरथ्रेडिंग बंद असेल, घेऊन या, चालू करून देतो." उत्तर अगदीच चुकीचं नव्हतं, तसं होऊ शकतं. पण बेस स्पीडचं काय, यावर त्याने "गिऱ्हाईक आलंय" म्हणून फोन ठेवला.

मशीन बंद करून परत चालू केलं आणि डिलीट की दाबत बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, गेले. तिथे प्रोसेसरचं नाव आय-फाइव्ह २४००. विंडोजमध्ये परत आले तर अबाउटमध्ये आय-सेव्हन २६००. एकाच मशीनची दोन नावं! सीपीयू-झेड नावाचा फुकटचा प्रोग्रॅम उतरवला, तो नाव थेट प्रोसेसरलाच विचारतो. आय-फाइव्ह २४००.

मग विंडोज खोटं का बोलत होतं? अबाउटच्या पानावरचं नाव रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीतल्या, एका नोंदीतून येतं. ती नोंद मशीन सुरू होताना दर वेळी नव्याने बनते, त्यामुळे कोणी हाताने बदलली तर रीस्टार्टला पुसली जाते. पण लॉगिन झालं की ती पुन्हा बदलायची, अशी सोय करून ठेवता येते. मला गेले बारा दिवस डेस्कटॉप येताना पापणी लवते न लवते इतका वेळ एक काळी खिडकी चमकताना दिसायची. वाटायचं, प्रिंटरचं काहीतरी असेल. ठरलेली कामं आपोआप चालवणारा टास्क शेड्युलर उघडला, तर त्यात अपडेटसारखं साळसूद नाव दिलेलं एक काम होतं, आणि ते चालवत होतं दोन ओळींची एक बॅच फाइल, म्हणजे मशीनला द्यायच्या हुकमांची फाइल. दुसऱ्या ओळीत आय-सेव्हन २६०० असं सरळ टाइप केलेलं. इतकी मेहनत घेणारा माणूस, खरा प्रोसेसर टाकायला काय हरकत होती?

शेवटी प्रोसेसरवरचा पंखा काढला. मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट पुसल्यावर प्रोसेसरच्या धातूच्या टोपीवर कोरलेलं दिसलं: आय-फाइव्ह २४००, ३.१० गिगाहर्ट्झ. फोटो काढले. नवी पेस्ट आणेपर्यंत एक दिवस काम बंद, आणि त्या दिवशी दोन अध्यक्षांचे फोन.

तेव्हा मी वहीत बसून हिशोब केला, जो आधी करायला हवा होता. आय-फाइव्ह २४०० एका कोरवर ३.४ पर्यंत जातो. ६ मिनिटं २० सेकंद म्हणजे ३८० सेकंद. गुणिले ३.१, भागिले ३.४, आले ३४६. म्हणजे ५ मिनिटं ४६ सेकंद, आणि वहीत ५:४१. कागदावरचा अंदाज आणि घड्याळ यांत पाच सेकंदांचा फरक. अस्सल आय-सेव्हन असता तरी याच हिशोबाने ३१० सेकंद, म्हणजे ५ मिनिटं १० सेकंद लागले असते. दोन मिनिटं कुठल्याच प्रोसेसरने या बोर्डावर दिली नसती. जीन अमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्येच हे मांडून ठेवलंय: कामाचा जो भाग तुम्ही सुधारता तेवढ्यापुरताच फायदा, उरलेला भाग आपल्या चालीनेच चालणार. माझ्या कामात सकाळचं थांबणं डिस्कचं होतं, गोठणं रॅमचं होतं, आणि पीडीएफचं थांबणं एका कोरचं. ३,७०० रुपयांत पहिली दोन दुखणी बरी झाली होती. तिसऱ्यावर औषध नव्हतं, ते त्याने मला विकलं.

दुकानात फोटो घेऊन गेले. आधी म्हणाला, मी दिला तो आय-सेव्हनच होता, मध्ये कोणी बदलला असेल. बॅच फाइल दाखवली तर म्हणाला, व्हायरस असेल. मग आवाज खाली आणून, "होलसेलवाल्याने मलाच चुकीचा दिला ताई. दीड हजार वर द्या, खरा आय-सेव्हन टाकतो." मी विचारलं, व्हायरसला कसं कळलं की तुम्ही मला आय-सेव्हनच विकलाय? शेजारी कार्ट्रिज भरायला आलेला मुलगा हसला, आणि त्या हसण्याचा मला वादापेक्षा जास्त उपयोग झाला.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करते असं सांगितलं. तक्रार करता येते, जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही लागत नाही. पण "अपग्रेड, १ नग" लिहिलेला कागद घेऊन मी काय सिद्ध करणार, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. शेवटी ३,००० रुपये परत आले. आय-फाइव्ह मशीनमध्येच राहिला. माझा आय-थ्री परत मागितला, तर म्हणाला तो विकला गेला. कोणाला काय म्हणून विकला, ते विचारलं नाही.

मशीन अजून चालतंय, या वर्षीचे अहवालही त्यावरच झाले. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, त्याच आठवड्यात त्याच दुकानातून व्हॉट्सॲपवर मेसेज आला: जुन्या मशीनवर विंडोज ११ टाकून मिळेल, स्पीड डबल. इंटेलमध्ये विंडोज ११ ची यादी मोटामोटी आठव्या पिढीपासून सुरू होते. माझा प्रोसेसर दुसऱ्या पिढीचा. खटपटी करून ते बसवतात, पण त्याने पीडीएफ एक सेकंदही लवकर होणार नाही. नंबर मी ब्लॉक केलेला नाही. पुढे काय विकायला काढतात तेवढं कळत राहतं.