शिआनचं बेइलिन संग्रहालय: सम्राट ताइझोंगसाठी कसं बघावं

चीनमधल्या शिआनच्या जुन्या दक्षिण तटाजवळच्या बेइलिनला, म्हणजे 'शिळांच्या वना'ला, बहुतेक लोक सुलेखनासाठी जातात. तांग सम्राट ताइझोंग (राज्यकाळ ६२६ ते ६४९) समजून घ्यायलाही ही फार मोलाची जागा आहे. मात्र त्याच्याशी संबंधित वस्तू वेगवेगळ्या दालनांत विखुरल्या आहेत, त्यामुळे क्रम आपणच लावावा लागतो.

आधी शिल्पदालन. ताइझोंगची पत्नी, सम्राज्ञी झांगसुन ६३६ मध्ये वारली, तेव्हा जिउझोंग डोंगरात झाओलिंग या दोघांच्या समाधीचं काम सुरू झालं. तिथल्या उत्तर दारासाठी ताइझोंगनं आपल्या सहा रणघोड्यांची उठावशिल्पं करवून घेतली. इथे त्यांपैकी चार अस्सल आहेत. साल्युझी आणि च्युआनमाओगुआ या दोन प्रतिकृती; मूळ शिळा अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या विद्यापीठ संग्रहालयात. फसगत होते ती साल्युझीपाशी. सहांत माणूस फक्त त्याच्याच शिळेवर आहे: सेनापती च्यु शिंगगोंग घोड्याच्या छातीतला बाण उपसतोय. त्यामुळे गर्दी तिथेच जमते आणि शेजारच्या अस्सल शिळा उभ्या उभ्या उरकल्या जातात.

तुम्ही चिंगझुईसमोर थांबा. हा ६२१ मधल्या हुलाओच्या लढाईतला घोडा, ताइझोंगचा प्रतिस्पर्धी दोऊ जियानदे पकडला गेला ती लढाई. पाच बाण लागलेत, पाचही पुढून. शिफाची या दुसऱ्या घोड्यालाही पाच, त्यातला एक मागून. आयाळीचे कापून राखलेले तीन तुरे, गाठ मारलेली शेपटी, खोगिराचे पट्टे समोरून सपाट वाटतात. जरा बाजूला सरकून तिरपं पाहिलं की उठाव कळतो. अंगावरच्या भेगा झिजेच्या नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाहेर नेण्यासाठी शिळा फोडल्या गेल्या, त्याचे ते सांधे आहेत.

एक उणीव ध्यानात ठेवा. या घोड्यांच्या लढाया ६१८ ते ६२२ मधल्या. ज्या प्रसंगानं गादी मिळाली तो ६२६ मधला शुआनवू दरवाज्याचा हल्ला, दोन सख्ख्या भावांची हत्या आणि मग वडिलांचा राज्यत्याग, यातलं शिल्पांत काही नाही. तेवढं आधी वाचून जा, नाहीतर नुसता पराक्रमी राजा पाहून परत याल.

मग शिलालेख. ह्युएन त्संग ६४५ मध्ये भारतातून परतला. त्याच्या भाषांतरांना ताइझोंगनं लिहिलेली प्रस्तावना इथल्या ६७२ च्या शिळेवर आहे. अक्षरं सम्राटाचा लाडका सुलेखनकार वांग शिझी याची, हुआइरेन भिक्षूनं एकेक जमवलेली. माथ्यावर सात बुद्ध आणि मधून गेलेली भेग, या खुणांवरून ती चटकन सापडते. दुसरी ७८१ ची ख्रिस्ती शिळा. अलोपेन हा ख्रिस्ती धर्मप्रचारक ६३५ मध्ये राजधानीत आला आणि ६३८ च्या फर्मानानं यिनिंग मोहल्ल्यात २१ भिक्षूंचा मठ उभारला गेला, हे तिच्यावर कोरलंय. परक्या धर्माला दार उघडणाऱ्या ताइझोंगचा इतका थेट पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल. खालच्या बाजूची सीरियाक लिपी पाहायला वाकावं लागतं. काचेआडच्या शिळांवर समोरून प्रकाश चमकतो. फोटो बाजूनं घ्या.

झाओलिंग जोडायचं असेल तर वेगळा दिवस ठेवा. समाधी आणि तिथलं संग्रहालय एका जागी नाहीत, मध्ये डोंगरातला रस्ता आहे. संग्रहालय सेनापती ली जीच्या थडग्यापाशी आहे. सम्राटाच्या कबरीचं उत्खनन झालेलं नाही आणि तिथले घोडेही प्रतिकृतीच आहेत.