'पायाभूत दर्जाचे' म्हणजे पायाभूत नव्हे: सोयाबीन बीजोत्पादनाच्या नावाखाली झालेली फसवणूक

बियाणं पिकवा, आम्हीच परत घेऊ म्हणणाऱ्या कंपनीला दिलेले एकरी 11,350 रुपये. त्यात बियाण्याची 30 किलोची पिशवी 6,600, नोंदणी शुल्क 1,500, तपासणी शुल्क 900 आणि 'तंत्रज्ञान किट' 2,350. माझं चार एकर, म्हणजे 45,400. आमच्या गावातले आणि शेजारच्या दोन गावांतले धरून आम्ही 11 जण, 37 एकर, एकूण 4,19,950 रुपये. 2024 च्या खरिपात हा पैसा गेला. त्याच वाणाची 30 किलोची पिशवी त्याच हंगामात आमच्या कृषी केंद्रात 3,450 ला मिळत होती. हे आकडे आधी लिहून टाकतो, कारण गेले सहा महिने जो भेटतो तो "किती गेले?" हेच आधी विचारतो आणि मग माझ्याकडे बघून मान हलवतो.

योजना कशी असते ते विदर्भात कुणाला समजावायची गरज नाही. आमच्याकडून घ्या, पिकवा, आम्हीच परत घेऊ. मुसळीत झालं, कोरफडीत झालं, कोंबड्यांत झालं. पण सोयाबीनच्या बीजोत्पादनाबद्दल संशय येत नाही, कारण ते आपल्याकडे खरोखर होतं. बियाण्याचं राज्य महामंडळ महाबीज अकोल्यात, राज्याच्या बीज प्रमाणीकरण यंत्रणेचं मुख्यालय अकोल्यात, आणि दर तालुक्यात असे शेतकरी आहेत जे वर्षानुवर्षं बियाण्याचा प्लॉट घेतात आणि बाजारापेक्षा चार पैसे जास्त कमावतात. आम्ही हावरटपणाने लॉटरीच्या मागे धावलो नव्हतो. ओळखीच्या धंद्यात उतरलो होतो.

आता सगळे कागद समोर आहेत: पत्रक, पेपरातलं कात्रण, कराराची झेरॉक्स, एक टॅग आणि माल नाकारल्याचं पत्र. पुन्हा पुन्हा वाचल्यावर जे दिसतं त्याने अंगाची लाही होते. धडधडीत खोटं एकाही कागदावर नाही. उद्या कोर्टात उभं राहिलं तरी अंगाशी येणार नाही असा एकेक शब्द निवडून बसवलेला आहे. आपण वाचतो एक आणि तिथे लिहिलेलं असतं दुसरंच.

पहिला शब्द 'पायाभूत दर्जाचे बियाणे'. पायाभूत बियाणं ही कायद्यातली गोष्ट आहे. पैदासकार बियाण्यापासून (वाण काढणाऱ्यांचं मूळ बियाणं) पायाभूत, पायाभूतपासून प्रमाणित, अशी पिढी चालते आणि पिशवीच्या तोंडाशी शिवलेल्या टॅगचा रंग ती पिढी सांगतो. पैदासकार पिवळा, पायाभूत पांढरा, प्रमाणित निळा, सत्यप्रत हिरवा. पांढरा आणि निळा टॅग प्रमाणीकरण यंत्रणा देते. हिरवा कंपनी स्वतःच लावते. 'सत्यप्रत' म्हणजे "लेबलवर लिहिलंय ते खरं आहे असं आम्ही म्हणतो", एवढंच. सत्यप्रत बियाणं वाईट नसतं, आपण सगळे तेच पेरतो. पण त्यापासून प्रमाणित बियाण्याचा प्लॉट होऊ शकत नाही. 'पायाभूत' लिहिलं असतं तर गुन्हा झाला असता, म्हणून त्यापुढे 'दर्जाचे' जोडलं. ज्या वस्तूच्या नावापुढे 'दर्जाचे', 'तोडीचे', 'धर्तीवर', 'प्रमाणे' येतं, ती ती वस्तू नसते. हा एकच नियम लक्षात ठेवला असता तर 45,400 वाचले असते.

आणि तो टॅग माझ्या हातात होता. जूनमध्ये धुऱ्यावर बसून मी चार पिशव्यांची शिलाई स्वतः उसवली. हिरवा जाड कागद, त्यावर लॉट नंबर, उगवण 70 टक्के, शुद्धता 98 टक्के, चाचणीची तारीख. रंग दिसला. मनात आलंही की पांढरा हवा होता. पेरणीयंत्र उभं होतं, आभाळ भरून आलं होतं, मागे माणूस "भाऊ, लवकर करा" म्हणत होता. मी टॅग बाजूला टाकले आणि पिशवी ओतली. चारातला एक टॅग सुतळीत अडकून घरी आला, म्हणून आज पुरावा म्हणून तेवढा तरी आहे. खऱ्या बीजोत्पादनात प्लॉटची नोंदणी करताना यंत्रणा बियाण्याचं बिल आणि टॅग मागते, स्रोत तपासल्याशिवाय नोंदणीच होत नाही. आमच्याकडे टॅग कुणी मागितलेच नाहीत. एका माणसानेही नाहीत. 1,500 रुपये 'नोंदणी शुल्क' घेतलं, पण नोंदणी कुठे, हे पावतीवर नाही. ती नोंदणी कंपनीच्या स्वतःच्या रजिस्टरात होती. हे मला जूनमध्येच कळायला हवं होतं. मी गावातल्या निम्म्या लोकांचे अर्ज लिहून देतो, कागद वाचायची सवय असलेला माणूस आहे, आणि इथे वाचलं नाही. हे डोक्यातून जात नाही.

टॅग फेकू नका. कितीही घाई असो, बिल, टॅग आणि रिकामी पिशवी हंगाम संपेपर्यंत ठेवा, मूठभर बियाणंही ठेवा.

'तपासणी शुल्क' 900 रुपये. पावतीवर 'तपासणी', करारात 'क्षेत्रभेट'. दोन कागदांवर दोन शब्द. सोयाबीनच्या प्लॉटची तपासणी म्हणजे फुलोऱ्यात एकदा आणि पक्वतेच्या वेळी एकदा, निदान दोनदा अधिकारी वावरात येतो, दुसऱ्या वाणापासून तीन मीटर अंतर सोडलंय का बघतो, वेगळी झाडं उपटायला लावतो, अहवाल लिहून त्याची प्रत शेतकऱ्याला देतो. आमच्याकडे ऑगस्टमध्ये एक मुलगा मोटारसायकलवर आला, धुऱ्यावर उभं करून आमचेच फोटो काढले आणि गेला. करारानुसार ती 'क्षेत्रभेट' झाली. पैसे ज्या नावाने घेतले ते नाव करारात शोधा. सापडलं नाही तर सही करू नका.

आता मुख्य वाक्य. पत्रकावर लाल अक्षरात 'खरेदीची 100 टक्के हमी', शेजारी बारीक चांदणी. चांदणीचा खुलासा तळाला, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरात हवा. मराठी हमी आणि इंग्रजी अट हीच दिशाभूल आहे. त्याबद्दल 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पत्रक जपून ठेवा, लोक ते चुलीत घालतात.

करारातलं कलम सात मला आता पाठ झालंय: 'उत्पादित माल मानकांनुसार आढळल्यास प्रचलित बाजारभावापेक्षा 25 टक्क्यांपर्यंत अधिक दराने खरेदी करण्यात प्राधान्य देण्यात येईल.' यात हमी कुठेच नाही. 'पर्यंत' म्हणजे शून्य टक्केही चालतो. 'प्रचलित' म्हणजे कुठला? अकोल्याचा, वाशिमचा, खामगावचा, हिंगणघाटचा? कुठल्या तारखेचा? बाजार समितीचं नाव आणि तारीख नसलेला भाव हा भाव नसतो. 'मानके' कोणाची? आणि 'देण्यात येईल' कोण देणार? मराठीत ही 'येईल', 'आले', 'झाले'ची मोठी सोय आहे, वाक्यातला करणारा माणूसच गायब होतो. "आम्ही घेऊ" असं लिहिलं की 'आम्ही' अडकतो. म्हणून करारात पैसे आपण भरायचे असतात तिथे 'शेतकऱ्याने भरावे', 'शेतकरी जबाबदार राहील' असं स्वच्छ कर्त्यासकट असतं, आणि कंपनीने करायचं ते सगळं 'येईल'मध्ये. करार हातात आला की पेन घेऊन दोन्ही प्रकारच्या वाक्यांखाली रेघा मारा. पाच मिनिटांचं काम आहे.

'शासनमान्य कंपनी' हेही असंच. बियाणं विकायला परवाना प्रत्येकालाच लागतो, बियाणे नियंत्रण आदेश 1983 चा आहे. परवाना असणं म्हणजे योजना शासनाने मान्य केली असं नाही. आयएसओचा शिक्का कामाच्या पद्धतीचा असतो, बियाण्याचा नाही.

पण आम्ही पत्रकावर विश्वास ठेवला नव्हता, पेपरवर ठेवला होता. जिल्हा पानावर पाव पान बातमी: बीजोत्पादनातून समृद्धीचा मार्ग, शेतकऱ्यांचा उदंड प्रतिसाद, परिसरात उत्साहाचे वातावरण. कात्रण आता नीट बघतो तेव्हा उजव्या कोपऱ्यात फिक्या अक्षरात 'वाणिज्य वार्ता' दिसतं. म्हणजे पैसे देऊन छापलेलं. सरळ 'जाहिरात' लिहायला काय झालं होतं? तो एक शब्द असता तर 11 घरं वाचली असती. 'वाणिज्य वार्ता', 'विशेष पुरवणी', 'इम्पॅक्ट फीचर', 'प्रायोजित' ही सगळी त्याच एका शब्दाला चुकवायची नावं आहेत. बातमी खरी की विकत घेतलेली हे कोपरा न बघताही कळतं. बातमीदाराचं नाव नसतं. मागच्या वर्षी पैसे मिळालेल्या एकाही शेतकऱ्याचं गाव आणि आकड्यासकट म्हणणं नसतं. सगळं 'सांगण्यात आले', 'विश्वास व्यक्त करण्यात आला'. किंमत, अटी, तोटा यांवर एक ओळ नसते. आणि कंपनीच्या पत्रकातलं विशेषण जसंच्या तसं बातमीत उतरलेलं असतं. आमच्या कात्रणात 'पायाभूत दर्जाचे' हाच शब्द आहे. कुठल्याही पत्रकाराने स्वतःहून तो लिहिला नसता.

माल नाकारल्यावर त्याच पेपरात चार ओळी आल्या, 'खरेदीवरून वाद, शेतकरी संभ्रमात'. आम्ही संभ्रमात नव्हतो, आम्हाला लुबाडलं होतं. पैसे घेताना कंपनीचं नाव ठळक होतं, आता 'एक खासगी कंपनी' झाली. आमच्या म्हणण्याला 'आरोप' आणि कंपनीच्या म्हणण्याला 'स्पष्टीकरण'.

डिसेंबरमध्ये ते पत्र आलं: 'नमुना मानकात बसत नसल्याचे आढळून आल्याने माल स्वीकारणे शक्य झाले नाही.' उगवण 64 टक्के. कोणाला आढळून आलं? नमुना कोणी काढला? शेतकऱ्यासमोर काढून, सील करून, दोघांच्या सह्या घेऊन नमुना जातो. आमच्यासमोर पोत्याला बांबी (नमुना काढायची टोकदार नळी) लावलीच नाही. प्रयोगशाळा 'अंतर्गत'. मी त्याच मालाची घरी चाचणी केली. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे, गुंडाळून सावलीत, रोज पाणी शिंपडून, पाचव्या दिवशी मोजले: 81 उगवले. 70 लागतात. ज्याला पुरावा हवा त्याने नागपूरच्या शासकीय बीज परीक्षण प्रयोगशाळेत नमुना द्यावा, माल कंपनीच्या गोदामात टाकण्याआधीच. मी नंतर धावलो, तोवर पोती दोनदा चढवून-उतरवून झाली होती आणि सोयाबीनचं टरफल किती नाजूक असतं ते सगळ्यांना माहीत आहे.

31 क्विंटल माल परत आणून 4,150 ने विकला. हमीभाव त्या वर्षी 4,892 होता, पण उधारी थांबत नव्हती. बियाण्याचे बाजारापेक्षा जास्त दिलेले पैसे आणि बाकी शुल्कं 31,600, गाडीभाडं 7,850, असे 39,450 सरळ खिशातून गेले. 25 टक्के धरलेलेच नाहीत.

मग दारोदार. तालुक्याच्या कृषी कार्यालयात पहिला प्रश्न, "बियाणं उगवलं ना? मग तक्रार कशाची?" त्यांच्याकडे बियाणं न उगवल्याचा नमुना अर्ज आहे, खरेदी नाकारल्याचा नाही. जे उगवलं ते ज्या नावाने विकलं ते नव्हतंच, हे तीनदा सांगितलं. 'खासगी करार' असं लिहून अर्ज परत. हिरव्या टॅगचं बियाणं पायाभूतच्या नावाने विकलं हा बियाण्याचा प्रश्न नाही तर कशाचा? पोलिस ठाण्यात आम्ही 'फसवणुकीची फिर्याद' लिहून नेली. आवक रजिस्टरात तिचा 'पैशाच्या देवाणघेवाणीबाबत अर्ज' झाला. दोन महिने 'चौकशी सुरू', मग 'दिवाणी स्वरूपाची बाब'. इथेही शब्दानेच मारलं. अर्जात 'देवाणघेवाण', 'व्यवहार', 'वाद' हे शब्द घुसू देऊ नका. फसवणूक, भारतीय न्याय संहितेचे कलम 318, असंच लिहा, शिक्का मारलेली पोच घ्या आणि ठाण्याने फिर्याद घेतली नाही तर पोलिस अधीक्षकांना टपालाने पाठवा, कायद्यात तशी सोय आहे. आम्हाला हे सांगायला तिथे बसलेल्या चार माणसांपैकी एकाचंही तोंड उघडलं नाही.

पेपरच्या कार्यालयाने "संपादकांना भेटा, पुढच्या आठवड्यात या" करत घोळवलं. दैनिकाविरुद्ध प्रेस कौन्सिलकडे जायची मुदत छापल्यापासून दोन महिन्यांची, आणि आधी संपादकाला लेखी कळवावं लागतं. हे आम्हाला कळेपर्यंत मुदत कधीच उलटली होती. तोंडी भेटीत दिवस घालवू नका, पहिल्याच दिवशी रजिस्टर टपाल टाका. कौन्सिल दंड करू शकत नाही, ताशेरे ओढते, पण तेवढं तरी झालं असतं.

राहिला ग्राहक आयोग. "तुम्ही धंदा केला, ग्राहक कसले?" असं कंपनीचा वकील म्हणतोय. सफेद मुसळीच्या अशाच परतखरेदीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये शेतकरी ग्राहकच ठरवलाय. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. आम्ही 11 जण एकत्र तक्रार टाकतोय. ज्यांच्याकडे 2024 च्या खरिपातला असाच करार आहे, कलम सात हेच आहे आणि पावतीवर 'नोंदणी शुल्क 1,500' आहे, त्यांनी पावती, कराराची झेरॉक्स आणि असेल तर टॅग घेऊन आपल्या जिल्ह्याच्या आयोगात यावं. मूळ करार सगळ्यांचाच कंपनीकडे आहे, झेरॉक्स चालते. टॅग एकाकडे जरी निघाला तरी लॉट नंबर जुळवता येतो.