ऑक्टाव्हिया आरएसचे टायर: दीड महिना शोध, दोन पावसाळे वापर

कन्नडचा घाट, ऑगस्ट २०२३, रिपरिप पाऊस. पुढच्या पिकअपने अचानक ब्रेक लावला. मीही लावला. एबीएसची, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेची, खडखड पायाला जाणवत राहिली आणि गाडी सरकतच गेली. पिकअपच्या फळीपासून हातभर अंतरावर थांबले. वेग जेमतेम पन्नास होता. मागे आई बसलेली. ती काहीच बोलली नाही, पण चाळीसगाव येईपर्यंत तिने माझ्या सीटची पाठ सोडली नाही.

माझी गाडी २०१८ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. दोन लिटर टर्बो पेट्रोल, २३० अश्वशक्ती, ३५० एनएम टॉर्क (चाक फिरवायचा जोर), आणि हे सगळं फक्त पुढच्या दोन चाकांवर. म्हणजे ओढायचं, वळायचं आणि ब्रेकचा बहुतेक भार सोसायचा, सगळं पुढच्या दोन टायरांनीच. कंपनीतून आलेले टायर ३८ हजार किलोमीटर चालले. २०२२ च्या दिवाळीनंतर दुसरा सेट घेतला तो घाईत. दुकानदार म्हणाला, "मॅडम, साइज तीच आहे, पन्नास हजार किलोमीटर आरामात जातील." मी साइज बघितली आणि पैसे दिले.

घाटातल्या प्रसंगानंतर टायर तपासले तर खाचा भरपूर खोल होत्या. अकरा हजारच किलोमीटर झाले होते. मग टायरच्या बाजूच्या भिंतीवरचे चार आकडे वाचले: ०९१९. म्हणजे २०१९ सालचा नववा आठवडा. मला विकले तेव्हाच ते साडेतीन वर्षांहून जुने होते. रबर नुसतं पडून राहिलं तरी कडक होत जातं, आणि हे टायर मुळातच जास्त किलोमीटर देणाऱ्या कडक रबराचे होते. ओल्या रस्त्यावर पकड येणार कुठून? सिग्नलवरून निघताना ट्रॅक्शन कंट्रोलचा, म्हणजे चाक जागीच घसरतंय हे सांगणारा, दिवा सारखा लुकलुकायचा, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

त्यानंतर दीड महिना शोध. दोन दुकानांनी अठरा इंची रिमचा आग्रह धरला, गाडी "भारी दिसेल" म्हणून. हिशोब साधा आहे. माझं माप २२५/४५ आर १७, म्हणजे रुंदी २२५ मिलिमीटर, रिम १७ इंची आणि टायरची भिंत रुंदीच्या ४५ टक्के, १०१ मिलिमीटर. २२५/४० आर १८ घेतला तर ती ९० वर येते. चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच राहतो, पण खड्डा आणि रिम यांच्यामधलं रबर एक सेंटिमीटरहून जास्त कमी होतं. आमच्या जालना रोडवर पाऊस पडून गेला की डबक्याखाली काय आहे ते कळत नाही. रिम वाकण्याचा आणि टायरला फुगा येण्याचा धोका मी विकत घेणार नव्हते.

शेवटी ज्या दुकानात गेले तिथल्या चाचांनी आधी गाडी पाहिलीच नाही. "ताई, गाडी कुठं चालवता?" हा पहिला प्रश्न. महिन्यातून एकदा समृद्धीवरून नागपूर, आईकडे. अधूनमधून कन्नडचा घाट. उरलेलं शहर. त्यांनी जुन्या टायरवर नखाने दाबून दाखवलं, मग शेजारच्या नव्या टायरवर. मऊपणातला फरक बोटालाच कळला. माझ्या मनात मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ आणि व्रेडेस्टाइन अल्ट्राक व्होर्टी हे दोन होते. चाचा म्हणाले, "घाटात भीती बसलीय ना तुमच्या? मग ओल्यातली पकड आधी. किलोमीटरचं नंतर बघू." पायलट स्पोर्ट ४ ठरला. माल तीन आठवड्यांनी आला. आयातीवर जून २०२० पासून निर्बंध आहेत, त्यामुळे अशा मापांसाठी थांबावं लागतं, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. आल्यावर चारही टायरांचे आठवडे मला वाचायला लावले आणि मगच मशीनवर चढवले. सगळे त्याच वर्षीचे.

बिल अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगसकट ६८ हजारांच्या घरात गेलं. तेव्हा टायरवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला आहे, म्हणजे आता घेणाऱ्याला थोडा दिलासा. मला मात्र एक रुपयाही जास्त वाटला नाही.

पहिले दोनतीनशे किलोमीटर जपून चालवली, कारण नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रावाचा निसरडा थर असतो. नंतर स्टीअरिंगमधला फरक कॉलनीच्या वळणावरच जाणवला. आधी चाक वळवलं की गाडी क्षणभर विचार करायची. आता हात हलला की नाक वळतं. खरी परीक्षा जुलै २०२४ मध्ये, त्याच घाटात, तशाच पावसात. एका मोकळ्या सरळ पट्ट्यावर मागे कुणी नाही हे बघून मुद्दाम जोरात ब्रेक लावला. गाडी जागच्या जागी बसल्यासारखी थांबली. डोळ्यांत पाणी आलं, खरंच.

समृद्धीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथे टायरांचे जीव जातात आणि माणसांचेही. सिमेंटचा सरळ रस्ता, १२० ची मर्यादा, विदर्भातला मे महिना. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, आतून तापतो आणि अखेर फुटतो. माझ्या टायरवर ९४ वाय असं लिहिलंय: एका टायरवर ६७० किलोपर्यंत भार आणि ताशी ३०० किलोमीटरपर्यंतचा वेग. त्या वेगाने कुणी जायचं नाहीये. पण त्या वेगाची उष्णता सोसायला बांधलेला टायर १२० वर निवांत असतो. हवा मात्र मी घरून निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच बघते, पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे. पंपावरचा मुलगा सगळ्यांना सरसकट ३५ पीएसआय हवा भरतो, त्याला तसं करू देत नाही.

आज १७ हजार किलोमीटर झाले. पुढचे टायर मागच्यांपेक्षा जास्त झिजतात, जोर लावणाऱ्या पुढच्या चाकांचं ते व्हायचंच, म्हणून दर आठ हजारांना पुढचे मागे करून घेते. मागच्या आठवड्यात चाचांनी गेज लावून खोली मोजली आणि नेहमीसारखी बिलाच्या पाठीवर लिहून दिली: पुढे ५, मागे साडेपाच मिलिमीटर. कायद्याने १.६ पर्यंत चालतं. "तीनवर आले की या ताई," ते म्हणाले, "पाऊस सुरू व्हायच्या आधी."