लालबागचं प्रचारसाहित्याचं दुकान: राज्यशास्त्र शिकवणाऱ्यांनी जरूर जावं

मी अलिबागच्या बाजूला एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. 'भारतातील पक्षपद्धती' हा घटक फळ्यावर तक्ते काढून शिकवला की मुलांना परीक्षेपुरता पाठ होतो, समजत मात्र नाही. म्हणून यंदा लालबागच्या बाजारातल्या प्रचारसाहित्याच्या दुकानातून झेंडे, उपरणी, टोप्या आणि बिल्ले घेऊन आले. खरेदी छान झालीच, पण त्या दुकानाच्या मांडणीनं मला जे दाखवलं त्यासाठी हे लिहावंसं वाटलं.

दुकान अरुंद आहे, माल छतापर्यंत. रंगांवरून पक्ष शोधायला गेलात तर गोंधळ होईल, कारण इथे थप्प्या राज्यांप्रमाणे लावल्या आहेत. भगव्यावरचा शिवसेनेचा धनुष्यबाण महाराष्ट्राच्या कप्प्यात, हिरव्यावरचा झारखंड मुक्ती मोर्चाचा धनुष्यबाण झारखंडच्या. पिवळी सायकल आंध्रात तेलुगू देसमची, लाल-हिरवी सायकल उत्तर प्रदेशात समाजवादी पक्षाची. चिन्ह एकच, पक्ष दोन! निवडणूक आयोगाच्या 1968 च्या चिन्हांविषयीच्या आदेशानुसार राज्य पक्षाचं, म्हणजे एखाद्या राज्यापुरती मान्यता असलेल्या पक्षाचं, चिन्ह त्या राज्यापुरतंच राखीव असतं, म्हणून हे चालतं. बहुजन समाज पक्षाला राष्ट्रीय पक्ष म्हणून देशभर हत्ती मिळतो, पण आसामात नाही, कारण तिथे तो आसाम गण परिषदेचा. संघराज्यात पक्षांचं एकच देशव्यापी मैदान नसतं, प्रत्येक राज्याची स्पर्धा वेगळी जुळते, हे मी वर्षानुवर्षं तोंडानं सांगत होते. दोन रंगांचे धनुष्यबाण शेजारी ठेवल्यावर मागच्या बाकावरच्या मुलांनीही प्रश्न विचारायला सुरुवात केली.

दुकानाच्या काकांचं ज्ञान मालाइतकंच मोलाचं. गर्दी नव्हती, त्यामुळे त्यांनी गल्ल्यामागचा जुना डबा उघडून दाखवला. त्यात काँग्रेसच्या बैलजोडीचा बिल्ला होता आणि गाय-वासराचाही. 1967 साली काँग्रेसची अनेक राज्यांतली सत्ता गेली, 1969 मध्ये पक्ष फुटला, बैलजोडी गोठवली गेली, म्हणजे दोन्ही गटांना ती वापरायला बंदी झाली, आणि 1971 ची निवडणूक इंदिरा गांधींनी गाय-वासरावर लढवली. हात आला तो त्यानंतर. डब्यातले बिल्ले विकायचे नाहीत, फोटो मात्र काढू दिले.

महाराष्ट्राच्या कप्प्यापाशी मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळले. शिवसेना फुटल्यावर ऑक्टोबर 2022 मध्ये आयोगानं धनुष्यबाण गोठवला तेव्हा शिवलेला माल तसाच पडून राहिला, असं काका म्हणाले. मग ठाकरे गटाच्या मशालीची आणि शिंदे गटाच्या ढाल-तलवारीची छपाई सुरू झाली, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये धनुष्यबाण शिंदे गटाकडे गेल्यावर पुन्हा नवा माल. वर्षभरात राष्ट्रवादी काँग्रेसच्या घड्याळाचंही तेच झालं. घड्याळ अजित पवारांच्या पक्षाला, शरद पवारांच्या पक्षाला तुतारी वाजवणारा माणूस. "मॅडम, एकाच गावचे कार्यकर्ते दोन वेगळ्या दिवशी येऊन वेगवेगळी उपरणी घेऊन गेले," हे त्यांचं वाक्य मी वर्गात जसंच्या तसं सांगते. पक्षफुटीवर आमच्या क्रमिक पुस्तकात एक परिच्छेद आहे. इथे ती फूट कापडात दिसते.

छपाईच्या दर्जाबद्दलही सांगते, कारण चिन्ह स्पष्ट दिसणं ही क्षुल्लक गोष्ट नाही. 2024 ला साताऱ्यात लोकसभेला तुतारीवाल्या माणसाच्या चिन्हावरचा उमेदवार हरला, आणि तुतारीशी साधर्म्य असलेल्या पिपाणीच्या चिन्हावर उभ्या असलेल्या अपक्षाला जितकी मतं पडली, त्याहून विजयाचं मताधिक्य कमी होतं. या दुकानातला तुतारीवाला माणूस लांबूनही ओळखू येतो. साटीनच्या झेंड्यांचा रंग पक्का आहे, शिवण दुहेरी. सुती उपरणं थोडं महाग पडतं, पण तेच घ्या. साध्या कापडाचं उपरणं एका धुण्यात मऊ पडलं. बिल्ल्यांच्या पिना कमकुवत आहेत, मुलांच्या हातात दोन-तीन लगेच निघाल्या.

मला एकच गोष्ट खरोखर खटकली. शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा तयार मालात नव्हता, तो घाऊक मागणीवरच शिवून देतात. रायगडात ज्या पक्षानं कित्येक दशकं राजकारण घडवलं, त्याचा एक तरी झेंडा ठेवायला हवा. गोव्याच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा (मगोप) सिंहही असाच मागून घ्यावा लागला. 1963 च्या पहिल्या निवडणुकीनंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झालेल्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या पक्षाचं ते चिन्ह मला हवंच होतं. काकांनी आठवड्याभरात तो पाठवला, पार्सलचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

निवडणुकीच्या तारखा जाहीर झाल्या की तिथे उभं राहायला जागा नसते आणि काकांना बोलायला फुरसत नसते. शैक्षणिक कामासाठी जाणार असाल तर त्याआधीच, सकाळी अकराच्या सुमारास जा. कॉलेजचं पत्र दाखवलं तर किरकोळ मालही घाऊक भावानं देतात.