गॅसवरचा सँडविच टोस्टर: एका वेळी एकच, पण ज्याचे त्याच्या मनासारखे

मुंबईतल्या सँडविचवाल्यांच्या शेगडीवर दिसतो तसा, बिजागरीने जोडलेल्या दोन ॲल्युमिनियमच्या साच्यांचा आणि दोन लांब दांड्यांचा टोस्टर भांड्यांच्या दुकानांत अजूनही सहज मिळतो. विजेवर चालणारी यंत्रे घरोघरी आल्यानंतरही तो विकत घेण्यासारखा आहे असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण त्याच्या स्वस्ताईपेक्षा सँडविच खाणाऱ्यांच्या स्वभावात अधिक आहे. पोळी-भाजी वाढली तशी मुकाट्याने खाणारा माणूस सँडविच समोर आले की एकाएकी हट्टी होतो. कोणाला काकडीशेजारी टोमॅटो चालत नाही, कोणाला बिटाचा लाल रंग पावाला लागलेला खपत नाही, आणि चटणी दोन्ही स्लाइसना अगदी कडेपर्यंत लागलेली नसेल तर कोणाला ते सँडविचच वाटत नाही.

या टोस्टरचा मूळ अवतार आपल्याकडचा नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीतल्या बाँडाय येथील डॉ. अर्नेस्ट स्मिदर्स यांनी १९४९ साली अशा साच्याचे पेटंट घेतले, आणि त्यातून निघणाऱ्या बंद कडांच्या सँडविचला तिकडे आजही जॅफल म्हणतात. तिकडचे लोक त्यात डब्यातले बीन्स किंवा आदल्या दिवशीचा खिमा भरतात, तर मुंबईने त्यात बटाट्याचा मसाला, हिरवी चटणी, कांदा आणि सिमला मिरची भरली, वर शेव पसरली आणि त्याचे सहा तुकडे करून कागदी बशीत दिले. जैन गिऱ्हाइकासाठी बटाट्याच्या जागी कच्चे केळे घालणे आणि कांदा वगळणे हा तर तिथल्या रोजच्या कामाचा भाग आहे.

वापरायला हा टोस्टर सोपा आहे, पण त्याला लक्ष लागते. साच्याला लोणी लावून त्यात स्लाइस ठेवायचा, सारण मधोमध घालून कडा मोकळ्या सोडायच्या, दुसरा स्लाइस ठेवून दांडे दाबून कडी अडकवायची आणि मध्यम आचेवर दोन्ही बाजू आलटून पालटून भाजायच्या. आच मोठी ठेवली तर बाहेरून काळे आणि आतून गार असे सँडविच हाती येते, म्हणून मधूनमधून दांडे किंचित उघडून रंग पाहण्याला पर्याय नाही. पावाचा पृष्ठभाग १४० अंशांच्या पुढे गेला की तो खरपूस तांबूस होऊ लागतो, मात्र आतल्या ओल्या सारणाचे तापमान १०० अंशांच्या वर फारसे जात नाही, आणि कडा मिटलेल्या असल्यामुळे वाफ आतच कोंडून राहते. पहिल्या घासाला टोमॅटोने जीभ पोळते ती यामुळेच, आणि तरीही थांबून खाणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

या साच्याचा खरा गुण म्हणजे तो प्रत्येकाची लहर सांभाळतो. लोणी आतून लावावे की बाहेरून, या प्रश्नावर आमच्या घरात एकमत होण्याची शक्यता नाही. बाहेरून लावले तर रंग उत्तम येतो, आतून लावले तर चटणीचे आणि काकडीचे पाणी पावात मुरायला अडथळा होतो, आणि दोन्हीकडून लावणारे आमचे मेव्हणे या वादात पडतच नाहीत. सासूबाईंना काकडी-टोमॅटोवर मीठ घालून ठेवायची सवय आहे. मिठाने भाजीला पाणी सुटते आणि साच्याच्या फटीतून ते बर्नरवर गळते, त्यामुळे त्यांच्या सँडविचपुरते मीठ अगदी शेवटी घालण्याचा तह झाला आहे. ब्रेडच्या टोकाचे जाड तुकडे कोणालाच नको असतात, पण त्यांची तपकिरी बाजू आत वळवून दाबली की ते ओळखू येत नाहीत. मुले आधी चारी बाजूंच्या कुरकुरीत कडा खाऊन मऊ मधला भाग शेवटासाठी राखतात, तर त्यांची आत्या नेमक्या त्याच कडा सुरीने कापून बशीच्या काठावर रचून ठेवते, आणि त्या कोणाच्या वाट्याला जाणार हे आधीच ठरलेले असते. त्रिकोणी कापायचे की आयताकृती, यावरचे रुसवे-फुगवे मी इथे सांगत बसत नाही.

ऑस्ट्रेलियातल्याच ब्रेव्हिल कंपनीने १९७४ मध्ये विजेवरचा सँडविच टोस्टर बाजारात आणला, आणि तेव्हापासूनची ही यंत्रे घाईच्या सकाळी निश्चितच सोयीची आहेत, कारण दोन सँडविच एकदम होतात आणि शेजारी उभे राहावे लागत नाही. मात्र त्यांत सगळ्यांचे सँडविच एकाच रंगाचे होते. गॅसवरच्या साच्यात एकाला फिकट, दुसऱ्याला करपण्याच्या उंबरठ्यावरचे, असे हवे तसे भाजता येते, आणि उघड्या आचेवर भाजल्याचा खमंगपणा मला विजेच्या यंत्रात कधी मिळालेला नाही.

दोषही लहान नाहीत. एका वेळी एकच सँडविच होत असल्यामुळे चौघांच्या घरात करणाऱ्याचे पान नेहमी शेवटी मांडले जाते. साध्या ॲल्युमिनियमला लोणी कमी पडले की पाव चिकटतो, आणि चीज बाहेर आले तर बिजागरीच्या कोपऱ्यातून ते काढताना ब्रश घ्यावा लागतो. दांड्यांवरच्या मुठी पुरेशा लांब नसतील तर त्या ज्योतीजवळ येऊन तापतात.

विकत घेताना दोन्ही साचे मिटल्यावर कडा सगळीकडे नीट जुळतात का, आणि मुठी हलत नाहीत ना, हे दुकानातच पाहून घ्यावे. साच्यांची मापे वेगवेगळी असतात, म्हणून घरी नेहमी येणाऱ्या ब्रेडचा एक स्लाइस सोबत न्यावा. दुकानदार हसला तरी चालेल, पण लहान साच्यात मोठा स्लाइस कोंबला की बाहेर राहिलेल्या कडा जळतात. इंडक्शनच्या शेगडीवर साधे ॲल्युमिनियम तापत नाही, त्यामुळे ज्यांच्याकडे फक्त तीच शेगडी आहे त्यांनी हा टोस्टर घेऊ नये.