तोडा, चकमक की टोपी: वाड्यातल्या जुन्या बंदुकीला हात किती लावावा?

मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांत माळ्यावर किंवा भिंतीवर एखादी ठासणीची बंदूक अजूनही निघते. मग घरात दोन तट पडतात. कुणाला ती चकचकीत आणि चालती हवी असते, कुणाला आहे तशीच. माझ्या मते याचा निर्णय बंदुकीची कळ, म्हणजे बार पेटवणारी यंत्रणा, कोणत्या प्रकारची आहे, यावर घ्यावा.

त्याआधी नळी रिकामी आहे का ते पाहा. लाकडी काठी तोंडातून अलगद तळापर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा. तीच काठी नळीला बाहेरून लावली की तिचं टोक रंजकाच्या कानापर्यंत पोचायला हवं (रंजक म्हणजे बार पेटवणारी बारीक दारू, कान म्हणजे तिची आग नळीत नेणारं भोक). चार बोटं अलीकडेच थांबलं, तर आत बार ठासलेला आहे असंच धरा. काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्यानपिढ्या जिवंत राहते. अशा बंदुकीला खुपसाखुपशी नको, आच तर अजिबात नको, पोलिसांना कळवा.

दुसरी गोष्ट कायद्याची. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या शस्त्रांना सूट आहे, पण दुरुस्ती करूनही जी उडणार नाहीत त्यांनाच. म्हणून बार उडेल अशी दुरुस्ती हा पर्याय मी सरळ बाजूला ठेवतो. कळ समजून घेणं आणि ती आणखी खराब होऊ न देणं, एवढंच करण्यासारखं आहे.

तोड्याची कळ सगळ्यांत साधी. खटका दाबला की दस्त्याच्या चिरेतून वर आलेला लोखंडी घोडा पुढे झुकतो आणि त्याने धरलेला जळता तोडा, म्हणजे धुमसती वात, रंजकावर टेकतो. इथे उलगडण्यासारखं फार काही नसतं. मऊ ब्रशने धूळ काढा, हलकं तेल द्या आणि थांबा. नळी दस्त्याला बांधणारी तार किंवा चामडी पट्टी जुनी दिसते म्हणून बदलू नका. पॉलिश पेपर तर घरातच आणू नका. नळीवर कोफ्तगारीचं सोन्या-चांदीचं काम असलं तर ते त्याच्या दोन हातांत खरवडून निघून जातं.

चकमकीची कळ मात्र शिकण्यासारखी आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत कंपनीच्या शिपायांकडे हीच होती. घोड्याच्या जबड्यातली गारगोटी पोलादी पात्यावर घासते, पोलादाचे बारीक कण तासले जातात आणि तेच पेटून ठिणग्या होतात. त्याच धक्क्याने पातं पुढे, नळीच्या तोंडाकडे उलटतं आणि खालचं रंजक उघडं पडतं. आतल्या बाजूला घोड्याच्या आसावर दोन खाचांचा गोळा असतो. पहिल्या खाचेत घोडा अर्धा चढून अडकतो, दुसऱ्या खाचेतून चाप त्याला सोडतो.

ही कळ उलगडायची तर खरी जोखीम मोठ्या स्प्रिंगची. तिला पकडीत दाबून धरल्याशिवाय स्क्रू ढिले केले तर ती मोडते किंवा उडून तोंडावर येते. स्क्रू हाताने घडवलेले, एकाचा दुसऱ्याला बसत नाही. काढला की पुठ्ठ्यावर कळीचं चित्र काढून त्याच जागी टोचून ठेवा. गंज तेलात भिजवून अगदी बारीक स्टील वूलने काढा. चिंच-लिंबू नको, गॅसची भट्टी नको: तापवलेल्या स्प्रिंगचं पाणी, म्हणजे तिचा ताठपणा, उतरतं. हातात सवय नसेल तर कळ न उलगडता तेल देऊन ठेवणंच बरं.

टोपीची कळ आतून जवळपास तशीच, फक्त गारगोटीच्या जागी हातोडीसारखा घोडा आणि त्याखाली टोपी, म्हणजे ठोक्याने पेटणाऱ्या दारूची छोटी धातूची वाटी, बसवायचं नळकांडं. ठोक्याने पेटणारी दारू बंदुकीत वापरायचं फोर्सिथ या संशोधकाचं पेटंट १८०७ चं. इंग्रजी फौजेत टोपी रुळली ती १८४० च्या सुमारास. सफाई चकमकीसारखीच, फक्त नळकांडं गंजून बसलं असेल तर जोर लावू नका, त्याचे आटे जातात.

कळीच्या पत्र्यावर बुजवलेली भोकं दिसली तर समजा, ही आधी चकमकीची होती आणि नंतर टोपीवर आणली. बाजारात अशा बंदुका पुन्हा ‘मूळ’ चकमकीच्या करून देतो म्हणणारे भेटतात. त्यांना नाही म्हणा. ती भोकं बुजवणाऱ्या कारागिराचं कामही तेवढंच जुनं, तेवढंच खरं आहे, आणि नवी जोडलेली चकमक उद्या कुठल्याही जाणकाराला पहिल्या नजरेत खटकेल.